न दुखणारी गाठ

दुखण्याची तक्रार करण्याची सवय आपल्या घरांतील स्त्रियांना मुळातच थोडी. मग जे दुखतच नाही, त्याची तक्रार त्यांनी कोणापाशी आणि कोणत्या निमित्ताने करावी? स्नानाच्या वेळी साबणाचा हात फिरत असता एखाद्या दिवशी बोटांना सुपारीएवढी टणक गाठ लागते. ती ठणकत नाही, तिच्यापायी ताप येत नाही, भाकरी थापताना किंवा धुणे पिळताना हात अडत नाही. आणि म्हणून, क्षणभर मनात चमकून गेलेली शंका तशीच दडपून, बाई पदर खोचून कामाला लागते. आधी सुगी उरकू दे, मग थोरलीची बारावीची परीक्षा, मग दिवाळी, मग दिराच्या मुलीचे लग्न, अशा मुदती ती स्वतःच स्वतःला वाढवून देत राहते, आणि या प्रत्येक मुदतीत गाठ मात्र आपल्या गतीने वाढत असते. स्तनाचा कर्करोग होतो तो एका स्त्रीच्या देहात, परंतु त्याला वाढण्यास किती अवधी मिळावा हे पुष्कळदा तिचे घर ठरवीत असते, आणि पुढे उपचार तडीस जातात की अर्ध्यावर सुटतात हेही तेच घर ठरवते. म्हणून या रोगाची माहिती एकट्या स्त्रियांना देऊन भागणार नाही, ती घरातल्या पुरुषांना, सासवांना आणि वयात आलेल्या मुलांनाही तितक्याच तपशिलाने असली पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. स्तन म्हणजे दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथींचे पुंजके, ते दूध बोंडापर्यंत आणणाऱ्या सूक्ष्म नलिका आणि या सर्वांभोवतीची चरबी. बहुतेक वेळा कर्करोगाचा आरंभ या नलिकांच्या आतल्या अस्तरातील एखाद्या पेशीत होतो. पेशींनी केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे याचे जे नियमन देहात अखंड चाललेले असते, ते त्या पेशीपुरते बिघडते, आणि तिच्या वंशजांची संख्या वर्षानुवर्षे गुप्तपणे वाढत जाते. हाताला गाठ लागते त्या वेळी रोगाचे वय बहुधा काही वर्षांचे असते. नलिकेची भिंत ओलांडून तो आजूबाजूला पसरतो, रसवाहिन्यांच्या वाटेने काखेतील गाठींत पोहोचतो, आणि तेथून किंवा रक्ताच्या मार्गाने हाडे, फुप्फुसे, यकृत व मेंदू यांपर्यंत जाऊ शकतो. गाठीखेरीज त्याची इतर लक्षणेही ओळखण्याजोगी आहेत: कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्रांकित झालेली त्वचा, पूर्वी बाहेर असलेले बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, किंवा काखेतच गाठ लागणे. हाताला लागणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी, विशेषतः तरुण मुलींच्या, कर्करोगाच्या नसतात, हे येथेच सांगितले पाहिजे. मात्र ती कोणत्या जातीची आहे हा निर्णय घरी बसून करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अनुमानाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आपल्या देशातील स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत आज तो सर्वांत पुढे आहे. त्याची मोजदाद करण्याचे काम महाराष्ट्रात फार पूर्वी सुरू झाले. लोकसंख्येच्या आधारावर कर्करोगाची नोंद ठेवणारे देशातील पहिले दप्तर १९६३ साली मुंबईत उघडले, आणि ग्रामीण भागातील पहिले १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीस, जेथे खेड्यांत मृत्यूचे कारण लिहून ठेवण्याची रीतच नसल्यामुळे कार्यकर्त्यांना गावोगाव हिंडून, माणसांशी बोलून रुग्णांचा शोध घ्यावा लागला. या दोन दप्तरांची तुलना केली असता बार्शीकडील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसते. या फरकाचे कारण बऱ्याच अंशी असे, की इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा सहवास देहाला जितका दीर्घ, तितका धोका अधिक. आणि लवकर येणारी पाळी, उशिरा होणारे पहिले बाळंतपण, थोडी मुले, अंगावर पाजण्याचा अल्प काळ, पाळी गेल्यानंतर वाढलेला मेद, मद्यपान ही शहरी जीवनात वाढलेली कारणे त्या सहवासात किंवा त्याच्या परिणामात भर घालतात. परंतु ही कारणे समूहाची आहेत. एखाद्या विशिष्ट स्त्रीने अमुक केले म्हणून तिला रोग झाला असा दोष त्यांवरून कोणावरही ठेवता येत नाही. चार मुलांना अंगावर पाजलेल्या, जन्मभर रानात राबलेल्या बाईलाही तो होतो, क्वचित पुरुषालाही होतो. घट्ट चोळीने, मुलाचे डोके लागल्याने, कोणाच्या दृष्टीने किंवा मागल्या जन्मीच्या पापाने तो होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला तर मुळीच लागत नाही. तरीही हा रोग झालेल्या स्त्रीची थाळी आणि पेला वेगळे ठेवणारी, नातवंडांना तिच्या कुशीत निजू न देणारी घरे आजही आहेत. आणि त्या वेगळ्या ठेवलेल्या पेल्याने त्या स्त्रीला जे क्लेश होतात, ते इस्पितळातील कोणत्याही सुईने होत नसतील.

मुदती वाढविल्याचा परिणाम काय होतो, ते आकड्यांतच पाहावे. देशातील अकरा नोंदणी-केंद्रांच्या क्षेत्रांत २०१२ ते २०१५ या काळात ज्यांचे निदान झाले, अशा स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. ज्यांची गाठ स्तनापुरतीच होती, त्यांच्यातील शंभरांपैकी एक्याऐंशी स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेपर्यंत किंवा आसपास रोग पोहोचलेल्यांत हे प्रमाण पासष्टांवर आले, आणि दूरच्या अवयवांत गेलेल्यांत केवळ अठरावर. रोग तोच आणि देशही तोच. अंतर पडले ते मुख्यतः इस्पितळाची पायरी कोणत्या अवस्थेत चढली याचे.

हे अंतर कमी करण्याचा एक मोठा आणि चिकाटीचा प्रयोग मुंबईतच झाला, आणि त्याची माहिती मराठी वाचकाला असावी. पाश्चात्त्य देशांत ठरावीक वयाच्या स्त्रियांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र, काढण्याची प्रथा आहे. परंतु ती यंत्रे, ती चित्रे वाचणारे तज्ज्ञ आणि तो खर्च आपल्याला सर्वत्र पेलण्याजोगा नाही, शिवाय तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तनांत ते चित्र तितके स्पष्टही येत नाही. म्हणून परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाकडे, वैद्यकाची पदवी नसलेल्या परंतु नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी गेल्या, त्यांनी आपल्या हाताने स्तन तपासले आणि शंकास्पद गाठ आढळली तिला इस्पितळात धाडले; दुसऱ्या गटास रोगाच्या लक्षणांची माहिती दिली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढल्या दोन अवस्थांत गेलेले रोगी शंभरांत ३७ निघाले, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही, आणि ही उणी बाजूही संशोधकांनी तितक्याच सरळपणे नोंदविली. जिच्याशी बोलता येते अशी एक बाई दारात येते, दार लोटून घेते आणि दोन मिनिटे शांतपणे तपासते, एवढ्याशा गोष्टीने जे साधले ते लाखो रुपयांच्या औषधांनी साधणे अवघड आहे. आज तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामात अंतर्भूत आहे. आपल्या उपकेंद्रात ती होते का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावाला आहे आणि तो गावाने बजावला पाहिजे.

निदानाच्या पायरीवर घर पुन्हा अडखळते. गाठीत सुई घालून तुकडा काढला की रोग भडकतो, ‘सुरी लागली की पसरतो’, हा समज इतका खोल आहे की शिकलेली माणसेही त्यापायी आधी महिना-दोन महिने लेप आणि पुड्या करून पाहतात. वस्तुतः त्या तुकड्यावाचून उपचार ठरवताच येत नाहीत. गाठ कर्करोगाची आहे काय, तिच्या पेशींना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची ओढ आहे काय, हर-टू नावाचे प्रथिन त्यांवर अधिक आहे काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर कोणत्या स्त्रीला गोळ्या, कोणत्या स्त्रीला केमो (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे) आणि कोणत्या स्त्रीला विशिष्ट प्रतिद्रव्याची इंजेक्शने, हे अवलंबून असते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींविषयी उत्तर नकारार्थी येणाऱ्या, म्हणून औषधांचे पर्याय थोडे असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांहून बरेच अधिक आहे, आणि आपल्याकडे रोग होण्याचे वयही सुमारे दहा वर्षांनी अलीकडचे आहे; म्हणजे तो गाठतो तो बहुधा घराचा गाडा ऐन भरात ओढणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीला.

शस्त्रक्रियेविषयीही पुष्कळ भीती जुन्या काळाची उरलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्वच काढून टाकण्याची पद्धत रूढ केली, आणि पाऊण शतक तीच प्रमाण मानली गेली. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे सुरू केलेल्या प्रयोगांतून दाखविले की लहान गाठ असता तेवढीच गाठ काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले, तरी स्त्रिया तितक्याच जगतात. वीस वर्षांनंतरचे आकडे २००२ साली आले तेव्हाही तेच ठरले. असे असूनही, डॉक्टर स्तन राखता येईल असे सांगत असता ‘नको, काढूनच टाका’ असा आग्रह नवरा, भाऊ, कधी ती स्त्री स्वतःच धरते. भीतीपोटी झालेला हा निर्णय अवमानण्याजोगा नाही. पण तो माहिती घेऊन झालेला असावा, आणि ज्या देहाविषयी तो आहे त्या देहाच्या मालकिणीने केलेला असावा.

कारण पुष्कळदा तिला काही विचारलेच जात नाही. ‘डॉक्टर, तिला काही सांगू नका,’ हे वाक्य कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येते. ते म्हणणारा मुलगा अथवा दीर क्रूर नसतो, उलट तो तिच्यावर जीव टाकणारा असतो. धक्क्याने ती खचेल, हे त्याचे भय खरे असते. म्हणून फाईल त्याच्या बगलेत, कागदावर सही त्याची, डॉक्टरांशी बोलणे त्याचे, आणि ती बाहेरच्या बाकावर. परंतु इस्पितळाच्या दारावरची पाटी तिला वाचता येते, शेजारच्या बाकावरील बाईच्या डोक्याचा रुमाल तिला दिसतो, आणि रोगाचे नाव कोणी न उच्चारताच तिला कळलेले असते. मग दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत बसतात. आणि ज्या रात्री तिला रडावयाचे असते, त्या रात्री घरातील कोणाचे खांदे मागावेत हे तिला कळत नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेत मोठे सामर्थ्य आहे, एका रुग्णाबरोबर चार माणसे रजा काढून परळला येतात हे त्या सामर्थ्याचेच लक्षण. पण तिचे अज्ञान हा तिच्यावरील प्रेमाचा पुरावा मानण्याची रीत मात्र मला अन्यायाची वाटते.

परळचे ते टाटा मेमोरियल इस्पितळही एका कुटुंबाच्या दुःखाशीच बांधलेले आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या नावाच्या न्यासाने उभारलेले हे इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. ज्यांचे नाव शेजारच्या रस्त्याला आहे, ते गोमंतकीय कुळातील शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी येथेच आयुष्य वेचले. परंतु नांदेड, जळगाव किंवा सावंतवाडीहून आलेल्या कुटुंबापुढचा पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा नसतो. रात्री टेकावे कुठे, हा असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशांना अल्प मोबदल्यात निवारा देते, नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था परळातच रुग्णांची व सोबत्यांची सोय पाहतात. रेल्वे रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली केमो, शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा खर्च बऱ्याच अंशी भागतो. त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र लागते, आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी तालुक्याच्या गावीच हे कागद दुरुस्त करून घ्यावेत. योजनेत न बसणारा खर्च, म्हणजे प्रवास, बाहेरचे जेवण, बुडालेली मजुरी, हाच घर पोखरतो. पाटल्या मोडल्या जातात, जमीन गहाण पडते, आणि सर्वांत थोरल्या मुलीची शाळा सुटते, कारण आईमागे चूल कोणी तरी पेटवलीच पाहिजे. या मुलींचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

केमोचे चक्र साधारणतः एकवीस दिवसांचे. त्यातले एक औषध गडद लाल रंगाचे असते आणि त्याने दुसऱ्या दिवशी लघवीही लालसर होते. हे आधी सांगितलेले नसले तर रक्त पडते आहे असे वाटून घर हवालदिल होते. पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. त्यानंतर दहाव्या दिवसाच्या आसपास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ताप आला तर त्याला साधा ताप न समजता त्याच दिवशी इस्पितळ गाठावयाचे असते. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन आठवड्यांत केस हातात येऊ लागतात, आणि ते उपचार संपल्यावर परत येतात हे ठाऊक असूनही मराठी घरात या गोष्टीला एक जुना व्रण आहे. विधवांच्या केशवपनाची चाल गेली, पण तिची स्मृती गेली नाही. कपाळावर कुंकू आणि डोक्यावर केस नाहीत, असे सवाष्णीचे रूप आरशात पाहताना आजीच्या पिढीतील कोणाची तरी आठवण तिला होते, आणि चैत्राच्या हळदीकुंकवाला ती आपण होऊन जाईनाशी होते. शेजारणींनी तिला मुद्दाम बोलवावयास यावे.

शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पुढे जन्मभर सांभाळावा लागतो. खांदा आखडू नये म्हणून तिला भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावयास सांगतात: तर्जनी आणि मधले बोट एकापुढे एक टाकीत, दुखेपर्यंत वर. एका घरी या व्यायामाची भिंत मी पाहिली. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, चुन्यावर, पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेपाशी मुलाच्या अक्षरात तारीख; आईचे बोट जेथपर्यंत पोहोचले तेथे तो शाळेतून आल्यावर रेघ मारीत असे, आणि खालच्या रेघांची दाटी वर जाता जाता विरळ झालेली होती. त्या हातात इंजेक्शन किंवा रक्तदाबाचा पट्टा शक्यतो टाळावा, विळीने बोट कापले तरी लगेच धुऊन औषध लावावे. रसाचा निचरा अडल्याने येणारी सूज प्रथम बांगड्यांवरून लक्षात येते. कालपर्यंत सैल असलेली बांगडी आज रुतू लागली, तर ती काढून ठेवून डॉक्टरांकडे जावे.

पती-पत्नीच्या नात्याविषयी या सर्वांत कोणी बोलत नाही. औषधांनी चाळिशीतच पाळी जाते, अंगातून वाफा निघतात, निद्रा तुटते, मन उदास होते. आणि ही औषधाची करणी आहे हे नवऱ्याला ठाऊक नसल्यामुळे तो तिला बदललेल्या स्वभावाची समजतो. काही स्त्रियांना याच काळात माहेरी धाडून दिले जाते आणि परत नेले जात नाही. याउलट, आयुष्यात कधी पाणी तापवले नव्हते अशा पुरुषांनी खिचडी शिकून घेतल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या रोगात टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळी पाच ते दहा वर्षे रोज घ्यावी लागते, आणि आता बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडली जाते. रात्रीच्या जेवणानंतर ‘गोळी घेतलीस का?’ असे विचारणारे माणूस घरात असणे, हा त्या औषधाचा अर्धा भाग होय.

राहता राहिली मुलींची गोष्ट. आईचा रोग नात्यागोत्यांत दडवून ठेवण्याचे कारण म्हणून सर्वत्र एकच सांगितले जाते, की मुलींची लग्ने व्हावयाची आहेत. स्तनाच्या कर्करोगांपैकी शंभरांतील पाच ते दहाच आनुवंशिक असतात, ही गोष्ट वरपक्षाला आणि वधूपक्षाला दोघांनाही ठाऊक असावी. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर ज्याची जागा दाखविली आणि १९९४ साली जे हाती आले, ते बीआरसीए-वन आणि त्यानंतर सापडलेले बीआरसीए-टू, ही यातली मुख्य जनुके. त्यांतील दोष असणाऱ्या स्त्रीला आयुष्यात हा रोग होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. आईला तरुणपणी रोग झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, किंवा एकाच रक्तात दोघी-तिघींना झाला असेल, तर आधी आईची रक्ततपासणी करून हा दोष आहे की नाही ते पाहता येते, आणि असल्यास मुलींची नियमित तपासणी इतरांच्या पुष्कळ आधी, बहुधा पंचविशी-तिशीपासूनच, सुरू करता येते. म्हणजे ज्या मुलींसाठी ही गोष्ट लपविली जाते, त्यांनाच तिची गरज सर्वाधिक. इस्पितळात वंशवृक्ष काढावयास बसले की आई, मावशी आणि आजी यांची नावे झरझर सांगितली जातात, वडिलांच्या बाजूविषयी कोणी बोलत नाही. परंतु हा दोष मुलाकडेही मुलीइतकाच, म्हणजे दोहोंपैकी एका संभाव्यतेने, उतरतो आणि वडिलांकडूनही लेकीला मिळतो, तेव्हा आत्या कशाने गेली, हेही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्या कागदावर लिहावयाचे असते.